तीन मोहल्ल्यांच्या गोगलगायी

"ही एकच गोगलगाय आहे," सर ओरडत होते. "एकीलाच कापून तीन नळ्यांत भरलीस आणि वर तीन मोहल्ल्यांची नावं चिकटवलीस."

सरांचा आवाज मूळचाच मोठा. पुण्यात लहानपणी ते नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या मित्राला क्रिकेटला बोलवायचे, आणि मधला पूल ते परदेशी गेल्यावर लोकांची गैरसोय झाली म्हणून बांधला, अशी आमच्या लॅबमध्ये समजूत होती. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःवर मात केली. तळमजल्यावर उंदीर पाळायची खोली होती. तिथल्या माणसाने मला शपथेवर सांगितलं की त्या ‘चिकटवलीस’च्या दणक्याला दोन उंदरिणी वेळेआधी व्यायल्या. मी त्याला म्हटलं, त्या निदान दोन मजले खाली होत्या, मी समोर उभी होते.

समोर म्हणजे प्रकाशाच्या पेटीसमोर. पेटीवर एक्स-रेची फिल्म होती. दवाखान्यात छातीची असते तशीच, फक्त हिच्यावर फासळ्यांऐवजी बारीक काळ्या रेघांच्या शिड्या. डावीकडच्या शिड्या हैदराबादेतल्या कोठी मोहल्ल्याच्या गोगलगायीच्या, मधल्या बेगम बाजारच्या, उजवीकडच्या आमच्या बरकतपुऱ्याच्या. एकेक रेघ म्हणजे डीएनएतलं एकेक अक्षर. अक्षरं सगळी मिळून चारच, पण त्यांचा क्रम लागला की प्राण्याचं घराणं वाचता येतं. कोण कुणाची बहीण, कोण कधी वेगळं निघालं, कोण कुठून आलं. आमच्या तिघींचं घराणं मी खालून वर वाचलं, सरांनी वरून खाली वाचलं. अक्षराला अक्षर तेच. परीक्षेला बसलेल्या तिघा मुलांनी एकाच गाईडातून उत्तर उतरवावं, तसं.

"सर, तिन्ही वेगळ्या आहेत," मी म्हटलं. "मी स्वतः जाऊन..."

"मग फरक दाखव. बोट ठेव. कुठेही ठेव."

मी बोट ठेवलं नाही. ठेवायला जागाच नव्हती.

आता एवढ्याशा रेघांवरून एवढा दंगा का, ते सांगायला हवं. सर परदेशातून नुकतेच परत आले होते. देश उघडला म्हणून आलो, असं ते सांगत. देश उघडला होता हे खरंच. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ, गच्च्यांवरून केबलच्या तारा, आणि किराणा दुकानात जिऱ्याच्या पोत्याशेजारी परदेशी शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. आमच्या लॅबलाही बाहेरून थेट रसायनं मागवता येऊ लागली होती. बर्फात बांधलेली एन्झाइमं अमेरिकेहून दोन दिवसांत मुंबईत येत आणि मग विमानतळावर सही करणाऱ्या साहेबाची वाट बघत उकडत बसत. आमच्या हाती यायची तोवर त्यांचं सूप झालेलं असे. सर म्हणत, इथे उदारीकरण कस्टम्सच्या दारापर्यंतच आलंय, आत यायला त्याला चहापाणी लागेल.

पण सरांकडे एक सिद्धान्त होता, आणि सिद्धान्ताला बर्फ लागत नाही. आफ्रिकेतली ही दांडगी गोगलगाय, मुठीएवढ्या शंखाची, आपल्याकडे फार पूर्वी कुण्या गोऱ्या साहेबाने हौसेने कलकत्त्याला आणून सोडली म्हणतात. तिथून ती देशभर झाली. भाजी खाते, फुलं खाते, कवचासाठी चुना हवा म्हणून भिंतीची सफेदीही खरवडून खाते. मिळेल ते खाते, मिळेल तिथे राहते. हिला हे जमतं कसं, हा सरांचा प्रश्न. आणि त्यांचं उत्तर असं की ही एक नाहीच. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या वाटांनी आलेली वेगवेगळी कुळं आहेत, आणि प्रत्येक कुळाने आपापला मोहल्ला आणि आपापलं खाणं धरलंय.

पुरावा हैदराबादेतच होता. कोठीची गोगलगाय पुस्तकं खायची. अतिशयोक्ती नाही, तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांमागे भिजलेल्या गठ्ठ्यांवर त्या बसलेल्या असत. एका गोगलगायीने कायद्याचं अख्खं पुस्तक मुखपृष्ठापासून परिशिष्टापर्यंत फस्त केलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यानंतर ती इतर गोगलगायींपेक्षा जरा ताठ चालायची. बेगम बाजारची गुळाची पोती चघळायची. बरकतपुऱ्याची अळूवर जगायची, आमच्याच परसातल्या. सरांनी दिल्लीच्या समितीपुढे छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की एकाच शहरात तीन कुळं आहेत, अक्षरं वाचली की सिद्ध होईल. त्यावर प्रकल्प मिळाला, आणि प्रकल्पात मी. माझ्या पीएचडीचं पहिलं प्रकरण म्हणजे ती तीन कुळं.

आणि आता फिल्मवर एकच कूळ.

"पुढच्या वेळी मी स्वतः येणार," सर म्हणाले. आवाज उतरला होता, पण तेवढाच जास्त लागला. "माझ्यासमोर गोळा करायच्या. फरक निघाला तर ठीक. नाही निघाला, तर मला कळेल की तू आजवर काय करत होतीस. मग दुसरा विषय शोध आणि दुसरा गाईडही."

म्हणजे मी खोटारडी. बरं, ज्या कामासाठी मला खोटारडी ठरवलं ते काम तरी कसलं? गोगलगायीचा डीएनए काढणं म्हणजे जगातल्या सगळ्या भेंड्या एका परातीत चिरून तिच्यातून रेशमाचा एक धागा काढणं. तिला कापली की चिकट, कुटली की चिकट, स्पिरिटात टाकली तर स्पिरिट चिकट. तो बुळबुळाट डीएनएच्या मागोमाग प्रत्येक नळीत येतो आणि एन्झाइमच्या नरड्याला बसतो. मग दारासारख्या दोन काचांच्या मधे जेली ओतायची. एक बुडबुडा राहिला की सगळं फुकट. तिच्यातून वीज सोडायची, आणि नेमक्या अर्ध्या वाटेवर अक्षरं पोचली की करंट जाणार. आमच्या भागातला करंट बहुधा माझ्या जेलीकडे बघूनच जायचा, कारण समोरच्या पानवाल्याचा टेपरेकॉर्डर त्या वेळी चालू असायचा. एवढं करून जी फिल्म निघाली तिच्यापुढे माणूस म्हणतो, तू एकीलाच कापलीस.

घरी आले ती दप्तर आपटतच. आई भाकरी थापत होती. आप्पा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. निवृत्त झाल्यापासून घरातलं सगळं लसूण त्यांच्याकडे होतं.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. पुन्हा तिन्ही मोहल्ल्यांतून गोगलगायी हव्यात, सर सोबत येणार, त्यांना वाटतं मी मागच्या वेळी गेलेच नव्हते.

"असं कसं वाटतं त्यांना?" आप्पा दुखावले. "मी घेऊन गेलो होतो ना तुला."

ते खरं होतं. पहिल्या वेळी आप्पांच्या स्कूटरवरूनच आम्ही गेलो होतो. आणि इथे माझ्या बापाचं कौतुक मला तेव्हाही होतं. इतर मुली महिनामहिना एका बेडकासाठी चिखल तुडवत. मी नुसतं म्हणायचं, "आप्पा, कोठीत गोगलगायी कुठे मिळतील?" की आप्पा म्हणत, "बैस मागं." स्कूटर कुठेही न विचारता, न चुकता नेमक्या भिंतीशी थांबायची. एखादी वीट उचलली की खाली गोगलगायी. मला वाटायचं, बापाची माया म्हणतात ती ही. लेकीच्या पीएचडीसाठी माणूस शहराच्या विटा ओळखू लागला.

"साहेबांना गल्ल्या कुठे ठाऊक?" आप्पा म्हणाले. "मी पण येतो करून सांग त्यांना."

ठरल्या दिवशी सर गाडी घेऊन आले. नवीकोरी गाडी, तिच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. आप्पा पुढे बसले, कारण रस्ता दाखवायचा होता. मी मागे, मांडीवर रिकाम्या बरण्या.

"गाडी मस्त थंडी आहे साहेब तुमची," आप्पा म्हणाले.

"एसी आहे."

"हौ. आमच्या स्कूटरला पण आहे, पण फक्त डिसेंबरात चालू होतो."

सर हसले नाहीत. त्यांना आमची मराठी ऐकताना नेहमी कुणीतरी श्रीखंडात मिरची घातल्यासारखं वाटे. "काका, तुम्ही उगाच त्रास घेतलात," ते म्हणाले. "ही दाखवेल की सगळं. मागच्या वेळी आलीच होती ना."

त्या ‘आलीच होती ना’मध्ये जो विंचू होता तो मला मागच्या सीटवर चावला. आप्पांना नाही.

"तिला काय ठाऊक साहेब," ते अभिमानाने म्हणाले. "ती नुसती वेचते. जागा मला ठाऊक."

सरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान ताठ केली.

बेगम बाजारात गाडी नेणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून सोफा नेणं. एका बाजूला मिरचीच्या पोत्यांची हातगाडी, दुसरीकडे स्टीलच्या हंड्यांचा डोंगर, मधे आम्ही. मिरचीने सरांना शिंका सुरू झाल्या. एकेका शिंकेला हॉर्न वाजत होता, कारण त्यांचं कपाळ स्टीअरिंगवर आपटत होतं. हातगाडीवाल्याला वाटलं साहेब रागावलेत. त्याने उतरून शांतपणे सांगितलं, "मियाँ, हवा में उडाऊँ क्या गाडी?" शेवटी गाडी एका कठड्याशी लावून आम्ही पायी निघालो.

गुळाच्या वखारींच्या मागे एक बोळ होता. गुळाचा, सांडपाण्याचा आणि ओल्या तागाचा मिळून एक वास, जो नंतर चार दिवस जेवणाला येत राहतो. सर नाकाला रुमाल लावून मागे. आप्पा पुढे, स्वतःच्या घरात चालल्यासारखे. बोळाच्या टोकाला सिमेंटचं एक फुटकं टाकं होतं. आप्पांनी डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. सरळ टाक्याशी गेले, वाकले, तोंडावरचं ओलं पोतं लहान मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं हळूच बाजूला केलं.

आत गोगलगायी. भिंतीला चिकटलेल्या, एकीवर एक, गुबगुबीत.

"घ्या साहेब," आप्पा म्हणाले. "चांगल्या बाळसेदार झाल्यात. आणल्या तेव्हा एवढ्याएवढ्या होत्या."

सरांनी रुमाल नाकावरून खाली घेतला.

"आणल्या तेव्हा?"

"हौ. मीच आणून सोडल्या ना."

मला वाटतं त्या बोळात तेव्हा गूळसुद्धा वाहायचा थांबला. मी बरणीचं झाकण उघडत होते, ते उघडतच राहिले.

"कुठून आणल्या?" सरांनी विचारलं. फार सभ्यपणे विचारलं. वादळाआधी आमच्याकडे अशीच हवा पडते.

"घरून. आमच्या मागे अळूत लई झाल्या होत्या साहेब. भिंत दिसत नव्हती. मारायच्या नाहीत करून हिची आई बोलली. मग मी थैलीत घालून इकडं आणल्या. महिन्याचा किराणा आणायला येतोच मी इथं."

"आणि कोठीला?"

"कोठीला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातो. जाताना रिकाम्या हाताने कशाला जायचं?"

"कोठीलाही तुम्हीच."

"एकाच जागी कायको सोडायच्या? एकालाच त्रास. सगळीकडं थोड्याथोड्या वाटून दिल्या." आणि मग, सरांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसेना म्हणून, आप्पांनी आणखी भर घातली. "काचिगुड्याच्या स्टेशनामागं पण आहेत. बघायच्या आहेत?"

सर ओरडले. आप्पांवर नाही, वयाने मोठ्या माणसावर ओरडायची त्यांना सवय नव्हती. ओरडले ते माझ्यावर. प्रकल्प, समिती, दिल्ली, तीन कुळं, हे सगळं एका वाक्यात आलं आणि त्या वाक्याला शेवटच नव्हता. तीन गोण्या डोक्यावर घेतलेला एक हमाल बोळाच्या तोंडाशी आला, त्याने पूर्ण वाक्य ऐकून घेतलं, आणि गोण्या न उतरवता तसाच उलट्या पावली परत गेला. वखारीच्या मालकाने आतून सोडा पाठवला. सरांनी तो घेतला नाही. आप्पांनी घेतला, कारण पाठवणाऱ्याचं मन मोडायचं नसतं.

"म्हणजे आम्ही देशभरातल्या शास्त्रज्ञांना जो भौगोलिक प्रसार दाखवला," सर म्हणाले, "तो तुमच्या स्कूटरच्या डिकीतून झाला."

"डिकीत नाही साहेब," आप्पा म्हणाले. "डिकीत गुदमरतात. पायाशी ठेवायचो."

 परतीच्या वाटेवर गाडीत आप्पांनी मधे एकदा, "एसी जरा कमी करता का साहेब, गुडघा दुखतो," असं म्हटलं. सरांनी बंदच करून टाकला.

घरात शिरल्या शिरल्या मी आप्पांवर जे तोंड सोडलं ते आमच्या बरकतपुऱ्यातल्या शेजाऱ्यांनी पुढे दोन पिढ्या सांगितलं असेल. माझं एवढ्या दिवसांचं काम. माझं नाव. लोक मला काय म्हणतील? बापाच्या थैलीतल्या गोगलगायी कापून डॉक्टर झालेली? "एवढ्यांदा तुम्हाला विचारलं, आप्पा. एकदा तरी सांगायचं."

आप्पा खुर्चीत बसून चपला काढत होते. "तू कुठं मिळतील विचारलंस बेटा," ते म्हणाले. "कुठून आल्या ते नाही विचारलंस."

 प्राणिशास्त्रात मला सुवर्णपदक होतं आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी मोर्चा आईकडे वळवला. "तू तरी. परसात मूठभर मीठ टाकलं असतंस तर हे सगळं घडलं नसतं. सगळं जग मीठच टाकतं."

"पाठीवर शंख आहे तिच्या," आई म्हणाली. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "देवघरात शंख पुजायचा आणि मागच्या दारी शंखावर मीठ टाकायचं?"

"आई, तो शंख नाही. गोगलगायीचं कवच आहे ते."

"मग देवघरातलं काय आहे?"

 देवघरातला शंखही समुद्रातल्या एका गोगलगायीचंच कवच, हे मी तिला स्वतःच कधीतरी अकरावीत शिकून आल्यावर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"आणि तू तिकडं काय करतेस त्यांचं?" आईने विचारलं. "त्या बरण्या भरून नेतेस, परत कधी आणलेल्या दिसल्या नाहीत."

"अभ्यास," मी म्हटलं आणि विषय तिथेच संपवला.

दुसऱ्या दिवशी सरांचा निकाल आला. आधीचं सगळं काम रद्द. शहर ‘दूषित’. दूषण कुणाचं, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. मी खोटं बोलले नव्हते हे सिद्ध झालं होतं, पण सरांना त्यात समाधान नव्हतं. माझं खोटं त्यांच्या सिद्धान्ताला परवडलं असतं. खोटं खोडून खऱ्यात तीन कुळं निघाली असती. आप्पांचं खरं मात्र परवडण्यासारखं नव्हतं.

"पण सर," मी म्हटलं, "आप्पांनी नसत्या सोडल्या तरी अक्षरं हीच निघाली असती, असं असेल तर? सगळ्या देशातलीच एका कुळातली असेल तर?"

"असेल-बिसेल नको. सिद्ध कर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सिद्ध करायला हवी होती अशी गोगलगाय, जिला आमच्या घराचा, परसाचा, थैलीचा वाराही लागलेला नाही. आप्पांची स्कूटर कुठवर जाते याचा मी नकाशा काढला. शहराच्या कडेला असलेल्या उप्पलच्या पुढे तिचं इंजिन कधी टिकलं नव्हतं. मी विशाखापट्टणमचं तिकीट काढलं. समुद्र, बंदर, खारी हवा. तिथली गोगलगाय हैदराबादच्या गुळाचं नाव ऐकून दचकली पाहिजे.

"मी येऊ का?" आप्पांनी विचारलं.

"नक्को."

"जागा दाखवायला..."

"आप्पा, नक्को म्हटलं ना."

तरी ते स्टेशनवर सोडायला आले. हातात कापडी थैली होती. मी फलाटावर सगळ्यांसमोर ती उघडून पाहिली. केळी होती.  मी खिडकीत बसल्यावर त्यांनी केळी आत दिली आणि गाडी सुटेपर्यंत दुसरीकडे बघत उभे राहिले. त्यांना तेव्हा काय वाटलं ते मी विचारलं नाही, आणि ते न विचारलेलं सांगत नाहीत हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

विशाखापट्टणमला बंदराजवळच्या एका वसाहतीत, जिथे वारा तोंडावर मीठ मारतो, त्या मिठाच्या वाऱ्यात गोगलगायी नारळाच्या सोडणांवर आरामात बसल्या होत्या. येताना मी त्यांना स्टीलच्या पुडाच्या डब्यात घातल्या, वरच्या पुडात पपईची पानं. शेजारच्या बाईंनी तेलुगूत विचारलं, डब्यात काय आहे? मी खरं सांगितलं. त्या खूप हसल्या, आमच्या सुनेपेक्षा तू चांगली थट्टा करतेस म्हणाल्या. विजयवाड्याच्या आसपास माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा डब्याची कडी निघालेली, झाकण तिरपं, आणि एक गोगलगाय त्या बाईंच्या पदराची जर खात होती. पुढचा सगळा प्रवास मी दारात उभ्याने केला. डबा पोटाशी घट्ट धरलेला, कडीवर अंगठा. बोगीतल्या बायांनी मला बसायला जागा दिली नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

मग पुन्हा ते सगळं. पुन्हा भेंडीचा बुळबुळाट. एकदा काचेत बुडबुडा. एकदा करंट. एकदा अमेरिकेचं एन्झाइम मुंबईत अडकलं, आणि सुटून आलं ते असं कोमट की त्यात साखर घातली असती तर पिता आलं असतं. सर रोज येता-जाता विचारत, "समुद्र काय म्हणतो?" मी म्हणे, "अजून काही बोलत नाही." ते ‘हूं’ करून जात. त्या ‘हूं’ने माझी भूक मेली. आईला वाटलं मला कुणाची तरी नजर लागली, तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी म्हटलं, माझ्यावर मीठ चालतं वाटतं. ती म्हणाली, तुझ्या पाठीवर शंख कुठे आहे?

आणि मग एका दुपारी फिल्म निघाली. स्वच्छ. एकेक रेघ अशी कोरीव की लग्नपत्रिकेवर छापावी. अंधाऱ्या खोलीतून मी ती थेंब गळत असताना तशीच पेटीवर नेली. शेजारी जुनी फिल्म ठेवली, कोठी, बेगम बाजार, बरकतपुरा. खालून वाचायला घेतलं. पहिली ओळ तीच. दुसरी तीच. मधे एका जागी रेघ वेगळी दिसली, पण तो पाण्याचा थेंब होता. पुसला, खाली तेच अक्षर. शेवटपर्यंत तेच.

समुद्राकाठची गोगलगायही तीच होती. एका अक्षराचा फरक नाही.

मला नाचावंसं वाटलं, आणि मी थोडी नाचलेही. मी खोटं बोलले नव्हते. आप्पांनी शहर बिघडवलं नव्हतं, त्यांनी फक्त एका घराण्यातल्या बहिणी एकमेकींपासून जरा लांब नेऊन सोडल्या होत्या, जे काम ते घराणं त्यांच्याशिवायही करतच होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट माझ्या डोक्यात भिरभिरत होती. एकच कूळ, आमच्या डोळ्यांना दिसणारी अक्षरं एकच, आणि तरी एक गूळ खाते, एक कायद्याचं पुस्तक, एक मिठाच्या वाऱ्यात बसते. तर मग जुळवून घ्यायची ही ताकद आहे कुठे? डीएनएच्या आम्ही वाचलेल्या या तुकड्यात नाही, हे आता नक्की. म्हणजे दुसरीकडे शोधायला हवी. पीएचडीचं एक प्रकरण काय, चार निघतील.

मी दोन्ही फिल्म घेऊन जिन्याने धावत सरांच्या खोलीत गेले. दार वाजवायचं राहिलं. खिडकीच्या काचेवर दोन्ही फिल्म दाबून धरल्या आणि सगळं एका दमात सांगितलं, समुद्र, घराणं, मीठ, गूळ, आप्पा निर्दोष, ताकद दुसरीकडे. बहुधा मीही ओरडतच होते. उंदरांच्या खोलीतून त्या दिवशी काही बातमी आली नाही, पण तो दिवस रविवारचा होता.

सर खुर्चीतून उठले. चष्मा कपाळावर चढवला, काचेशी आले, खालून वर वाचलं. मग वरून खाली. त्यांचं बोट एका रेघेवर थांबलं, पुढे गेलं, कुठेच टेकलं नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"आता तरी पटलं ना सर?" मी विचारलं.

"पटलं," ते म्हणाले. "पण यात छापण्यासारखं काही नाही."